गाडी तापली की बंद का पडते : मद्रासच्या उन्हाळ्यातील एका बिघाडाचा इतिहास

ई-२० पेट्रोलवरून २०२५ च्या पावसाळ्यात देशभर जो वाद पेटला, त्यात दोन प्रकारच्या तक्रारी एकमेकींत मिसळून गेल्या. पहिली तक्रार मायलेजची. दुसरी तक्रार अशी, की गाडी चालता चालता मधूनच झटके देते, पिकअप सोडते, सिग्नलला बंद पडते आणि पुन्हा सेल्फ मारला तर सुरू होत नाही. अर्धा तास थांबले की काहीच घडले नसल्यासारखी सुरू होते. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्टमध्ये चाचण्यांच्या आधारे स्पष्टीकरण दिले आणि १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ई-२० विरोधातील जनहित याचिका फेटाळली. वाद न्यायालयापुरता मिटला, गॅरेजांत मात्र मिटलेला नाही. मायलेजच्या तक्रारीवर पुष्कळ लिहून झाले आहे. दुसऱ्या तक्रारीकडे वैज्ञानिक दृष्टीने फारसे कोणी पाहिले नाही, आणि तिला तर भारतात मोठा इतिहास आहे. तो इतिहास मद्रासच्या, म्हणजे आजच्या चेन्नईच्या, उन्हाळ्यातून सांगणे सोयीचे आहे. त्याचे कारण पुढे येईल.

अधूनमधून येणारा दोष ही प्रायोगिक भौतिकशास्त्रातली सर्वांत त्रासदायक गोष्ट. उपकरण कायमचे बंद पडले तर शोध सोपा असतो : एकेक भाग तपासत जायचे, जिथे प्रवाह थांबतो तिथे दोष. पण जो दोष विशिष्ट तापमानाला, विशिष्ट भाराखाली, विशिष्ट वेळानेच प्रकट होतो, तो तपासणाऱ्याच्या हाती लागण्यापूर्वी नाहीसा होतो. मेकॅनिक येईपर्यंत इंजिन निवलेले असते. तो सेल्फ मारतो, गाडी सुरू होते, आणि मालकाकडे तो ज्या नजरेने पाहतो ती नजर ज्याने अनुभवली आहे त्याला वेगळे सांगायला नको. तक्रार खरी असते, पुरावा मात्र वाफ होऊन गेलेला असतो. येथे हे अक्षरशः खरे आहे.

अशा दोषाला पकडण्याचा मार्ग एकच : निरीक्षणाबरोबर परिस्थितीही नोंदवणे. ही शिस्त ज्या जागेने भारतात फार लवकर पाळली, ती जागा नुंगंबाक्कममध्ये आहे. कॉलेज रोडवरील प्रादेशिक हवामान केंद्राच्या आवारात आज जिथे तापमान आणि पाऊस मोजला जातो, तिथेच ईस्ट इंडिया कंपनीची मद्रास वेधशाळा १७९२ मध्ये उभी राहिली. मायकेल टॉपिंग याने तिची इमारत रचली. वेधाचे उपकरण ज्या ग्रॅनाइटच्या खांबावर बसवले होते तो खांब, त्यावरील अनेक भाषांतील कोरीव लेखासह, अजून त्या आवारात आहे. १८९९ मध्ये खगोलवेधांचे काम कोडाईकनालला गेले, हवामानाच्या नोंदी नुंगंबाक्कममध्येच राहिल्या.

या वेधशाळेतील जॉन गोल्डिंगहॅम याने १८२० च्या सुमारास ध्वनीचा वेग मोजला. फोर्ट सेंट जॉर्ज सुमारे ४ किलोमीटरवर, सेंट थॉमस माउंट सुमारे ९ किलोमीटरवर. दोन्हीकडे ठरलेल्या वेळी तोफा डागल्या जात. तोफेचा प्रकाश दिसल्यापासून आवाज ऐकू येईपर्यंतचा काळ वेधशाळेतून मोजायचा, एवढाच प्रयोग. पण गोल्डिंगहॅमने प्रत्येक तोफेबरोबर तापमान, वायुदाब, हवेतील ओलावा आणि वाऱ्याची दिशा लिहून ठेवली, आणि निष्कर्ष मांडताना एका सरासरीवर समाधान न मानता महिन्यागणिक सरासऱ्या काढल्या. उष्ण महिन्यांत ध्वनी वेगाने जातो हे त्या तक्त्यात दिसते. सगळ्या तोफांची एकच सरासरी काढली असती तर तो फरक त्या आकड्यात बुडून गेला असता. १८२३ मध्ये हा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापला गेला. या तक्त्याचा आणि बंद पडणाऱ्या मोटारीचा संबंध काय, हे समजण्यासाठी आता मोटारीकडे जाऊ.

स्वातंत्र्यानंतरची काही दशके भारतातील प्रवासी मोटार म्हणजे मुख्यत्वे तीन कारखाने. बंगालमध्ये उत्तरपाड्याची ॲम्बेसिडर. मुंबईत कुर्ल्याला, सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची फियाट आणि सत्तरच्या दशकात तिचेच झालेले रूप, प्रीमियर पद्मिनी. आणि मद्रासच्या दक्षिणेला पेरुंगळत्तूर येथे तयार होणारी स्टँडर्ड हेराल्ड. तिन्हींचे मूळ आराखडे युरोपातले. दोन इंग्लंडमधले, एक इटलीतला. पेट्रोलची टाकी मागे, इंजिन पुढे. पद्मिनी आणि हेराल्डमध्ये इंजिनच्या कुशीलाच चिकटवलेला पडद्याचा यांत्रिक पंप मागच्या टाकीतून पेट्रोल ओढून कार्ब्युरेटरला देत असे. आपले मेकॅनिक त्याला 'एसी पंप' म्हणत आले आहेत. वातानुकूलनाशी त्याचा संबंध नाही, ते पंप बनवणाऱ्या एका अमेरिकी कंपनीच्या नावाचे अवशेष आहेत.

या रचनेत एक मूलभूत अडचण आहे. पंप इंजिनवर बसलेला, म्हणजे गरम. आणि तो पेट्रोल ढकलत नाही, ओढतो. ओढताना नळीतला दाब बाहेरच्या वातावरणापेक्षा कमी होतो, आणि द्रवावरचा दाब कमी झाला की तो कमी तापमानाला उकळतो. पेट्रोल हा एकच पदार्थ नव्हे, शेकडो हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे. त्याचे हलके घटक पस्तीसेक अंशांपासूनच उडू लागतात, जड घटक दोनशे अंशांपर्यंत टिकतात. पेट्रोलचा बाष्पदाब ३७.८ अंश सेल्सिअसला मोजण्याची रूढ पद्धत आहे. हे शंभर फॅरनहाइट. मेमधल्या मद्रासला हा आकडा अगदीच घरगुती. त्या तापमानाला बाष्पदाब ६० किलोपास्कल असेल, तर साधारण ५० ते ५५ अंशांना तो बाहेरच्या हवेच्या दाबाची बरोबरी करतो, आणि ओढणाऱ्या नळीत त्याच्याही थोडा आधी. इंजिनच्या पाण्याचे तापमान मात्र ८० ते ९० अंश असते. गाडी वेगात असते तोवर समोरची हवा आणि टाकीतून येणारे ताजे पेट्रोल पंपाला थंड ठेवतात. माउंट रोडच्या गर्दीत दुपारी अडीच वाजता गाडी मुंगीच्या पावलाने सरकू लागली की दोन्ही आधार सुटतात.

मग नळीत आणि पंपात बुडबुडे होतात. पंपाचा पडदा वरखाली होत राहतो, पण द्रव पुढे सरकत नाही. वाफ दाबली जाते आणि पुन्हा फुगते. कार्ब्युरेटरच्या वाटीतले पेट्रोल संपेपर्यंत गाडी चालते, वाटी रिकामी होऊ लागली की झटके, मग पिकअप जातो, मग गाडी बंद. 'गाडीने एअर घेतली' असे मेकॅनिक म्हणतात. निदान जवळपास बरोबर आहे, केवळ ती हवा बाहेरची नसते, ती पेट्रोलचीच वाफ असते. म्हणूनच नळीचे जोड कितीही आवळले तरी दोष जात नाही.

बंद पडल्यानंतरची गोष्ट आणखी फसवी आहे. इंजिन थांबले की पंखाही थांबतो, आणि बॉनेटखालचे तापमान कमी होण्याऐवजी पहिली काही मिनिटे वाढते. कार्ब्युरेटरच्या वाटीतले उरलेसुरले पेट्रोल उकळून इंजिनच्या तोंडाशी सांडते. आता सिलिंडरमध्ये पेट्रोल कमी नसून जास्त झालेले असते. घाबरून चोक ओढणारा किंवा ॲक्सिलरेटर भराभर पंप करणारा चालक त्यात भरच घालतो. जुने चालक ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरत आणि तसाच सेल्फ मारत, म्हणजे हवा भरपूर जाऊन जास्तीचे पेट्रोल निघून जाई. पाच मिनिटांच्या अंतराने एकाच गाडीला आधी पेट्रोलची उपासमार आणि मग अजीर्ण, दोन्ही होतात. एकाच लक्षणामागे दोन उलट कारणे असणारा बिघाड नवशिक्याला कसा सापडावा?

मराठी वाचकाला हे दृश्य खंडाळ्याच्या घाटातले म्हणून आठवेल : चढावर बाजूला घेतलेल्या फियाट, उघडी बॉनेटे, रस्त्याकडेच्या झऱ्याचे पाणी आणणारी मुले. त्यांतल्या बऱ्याच गाड्यांचा रेडिएटर उकळलेला असे, तो वेगळा आजार. पण काहींचे पेट्रोल उकळलेले असे. सुमारे ६०० मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सहा-सात टक्क्यांनी कमी, त्यात दुसऱ्या गिअरमधली संथ चढण. घाटात उंचीमुळे जे होते ते मद्रासमध्ये उन्हामुळे होते.

यावर चालकांनी शोधलेला उपाय म्हणजे पंपावर ओले फडके. अमेरिकेत त्याच काळी पेट्रोलच्या नळीला कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे लावण्याची पद्धत होती. त्याने काही साधत असेल असे उष्णतेच्या हिशेबावरून वाटत नाही. ओल्या फडक्याचा हिशेब मात्र पक्का आहे. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४०० ज्यूल उष्णता लागते. अर्ध्या किलोच्या धातूच्या पंपाचे तापमान ३० अंशांनी उतरवायला दहा ग्रॅमांहून कमी पाण्याची वाफ पुरते; बाकीचे पाणी इंजिनकडून नव्याने येणारी उष्णता खात राहते.

येथे एक रास्त शंका येते. मद्रासची हवा दमट, तिथे वाळ्याचे पडदे आणि वाऱ्याचे कूलर नागपूरसारखे काम करत नाहीत. मग ओले फडके तरी कसे करील? उत्तर असे, की कूलरमध्ये पाणी हवेच्याच तापमानाला असते, म्हणून हवेतला ओलावा त्याला आडवा येतो. ७० अंशांच्या पंपावरील पाण्याचा बाष्पदाब सुमारे ३१ किलोपास्कल असतो, आणि भर दमट दुपारीही हवेतल्या बाष्पाचा दाब चारेक किलोपास्कल. फडक्याला नागपूर आणि मद्रास सारखेच. नुंगंबाक्कमच्या केंद्रात पांढऱ्या झडपांच्या पेटीत दोन तापमापक शेजारी टांगलेले असतात, एक कोरडा आणि एक ओल्या मलमलीत गुंडाळलेला. त्या मलमलीतून होणाऱ्या बाष्पीभवनावरूनच हवेतला ओलावा काढला जातो. टॅक्सीवाल्याचे फडके आणि वेधशाळेची मलमल एकाच तत्त्वावर चालतात. फरक एवढाच, की वेधशाळेत शेजारी कोरडा तापमापकही असतो आणि दोन्ही आकडे वहीत उतरवले जातात.

वहीचे महत्त्व मद्रासमध्ये फार आहे, कारण तिथले दुपारचे तापमान समुद्रावरून येणारा वारा किती वाजता सुटतो यावर ठरते. मेमध्ये सकाळपासून जमिनीवरून कोरडा पश्चिमेचा वारा वाहतो. समुद्राचा वारा दुपारच्या सुमारास आत शिरला तर पारा आवरतो. त्याला उशीर झाला तर चाळीस ओलांडतो. समुद्रापासून चारेक किलोमीटरवरच्या नुंगंबाक्कमला तो आधी पोहोचतो, विमानतळाजवळच्या मीनंबाक्कमला नंतर. ३१ मे २००३ रोजी नुंगंबाक्कमला ४५.० अंश तापमान नोंदले गेले, तो या शहराचा विक्रम आहे. म्हणजे तीच गाडी, तोच रस्ता, तीच वेळ. सोमवारी बंद पडते आणि मंगळवारी पडत नाही, कारण मंगळवारी समुद्राचा वारा दीड तास आधी आला. समुद्राच्या वाऱ्याची वेळ कोणत्याही गॅरेजच्या जॉबकार्डवर लिहिलेली नसते. मालक, चालक आणि मेकॅनिक तिघांनाही दोष लहरी वाटतो. तो लहरी नाही.

आता दुसरी बाजू. उष्णतेत बंद पडून थंड झाल्यावर सुरू होणारी प्रत्येक गाडी वाफेचीच बळी असते असे नाही. इग्निशन कॉइलमधील बारीक तार तापून आतल्या आत तुटते आणि निवल्यावर जुळते. कंडेन्सर गरम झाल्यावर गळू लागतो. लक्षण हुबेहूब तेच. येथे ओले फडके औषधाबरोबर चाचणीही ठरते : पंपावर टाकल्यावर दोन-चार मिनिटांत गाडी सुरू झाली तर संशय पेट्रोलवर, पंप गार होऊनही प्लगला ठिणगी नसेल तर कॉइल बदला. (फडके पंपावर आणि नळीवरच, विजेच्या भागांवर नव्हे.) चांगले जुने मेकॅनिक ही चाचणी करत. बाकीचे आधी प्लग बदलत, मग पॉइंट, मग कॉइल, मग कार्ब्युरेटर खोलत, आणि या प्रत्येक पायरीला इंजिनला निवायला वेळ मिळत असल्यामुळे प्रत्येक पायरीनंतर गाडी सुरू होई. ज्या भागावर शेवटचा हात पडला तो दोषी ठरे, आणि बिल मालकाच्या हाती येई.

चुकीच्या भागावर ठपका येण्याचे मोटारीच्या इतिहासातील गाजलेले उदाहरण चार्ल्स केटरिंग याचे. हॅन्डल मारून गाडी सुरू करण्याच्या जीवघेण्या कटकटीतून सुटका करणारा विजेचा सेल्फ-स्टार्टर त्याने केला आणि १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये तो आला. त्याच्या कंपनीचे संक्षिप्त नाव डेल्को. आपल्याकडे डिस्ट्रिब्यूटरला कित्येक मेकॅनिक अजून 'डेल्को' म्हणतात, ते याच नावावरून. त्या काळी इंजिने खडखडू लागली, चढावर ताकद सोडू लागली, तेव्हा ठपका केटरिंगच्या बॅटरी-इग्निशनवर आला. त्याने आणि त्याचा सहकारी थॉमस मिजली याने शोध घेतला तेव्हा कारण इंधनात निघाले : दाबाखाली पेट्रोल वेळेआधी स्फोटासारखे जळत होते. निदान अचूक होते. उपाय म्हणून १९२१ मध्ये त्यांनी पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग घातले, आणि त्याने जगाच्या हवेत विष कालवले. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० मध्ये बंद झाले. निदान बरोबर असणे आणि उपाय बरोबर असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इंधनाच्या इतिहासात एकदाच घडलेले नाही.

वाफेच्या दोषाचे शास्त्र विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत अमेरिकेत आकाराला आले; विमानांचे इंजिन उंचीवर असे बंद पडले तर बाजूला उभे राहून वाट पाहण्याची सोय नसते, ही त्यामागची एक निकड. पेट्रोलचा बाष्पदाब मोजण्याची रीड पद्धत १९३० मध्ये प्रमाणित झाली. पुढे असे दिसले, की केवळ बाष्पदाब पुरत नाही. ७० अंशांपर्यंत पेट्रोलचा किती हिस्सा उडून जातो हेही पाहावे लागते. या दोहोंचे मिळून एक सूत्र झाले : बाष्पदाब किलोपास्कलमध्ये, त्याची दहापट, अधिक ७० अंशांपर्यंत उडणाऱ्या टक्केवारीची सातपट. भारतीय मानकात या निर्देशांकाची कमाल मर्यादा उन्हाळी महिन्यांसाठी ७५० आणि इतर महिन्यांसाठी ९५० ठेवली गेली. बाष्पदाब ६० असेल तर त्याचेच ६०० होतात. उरलेल्या १५० मध्ये ७० अंशांपर्यंत जेमतेम २१ टक्के पेट्रोल उडण्याची मुभा राहते. पंपावरचे ओले फडके अशा रीतीने तेलशुद्धीकरण कारखान्याच्या तक्त्यात एक आकडा होऊन बसले. हा आकडा कोणाला माहीत नसतो, आणि तो नीट काम करत असेल तर माहीत असायचे कारणही नसते.

दोष खऱ्या अर्थाने मागे पडला तो पंपाची जागा बदलल्यामुळे. एप्रिल १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरासाठी युरोपीय धर्तीचे प्रदूषण-निकष लागू करण्याचा आदेश दिला आणि कार्ब्युरेटरचे दिवस भरले. त्याच्या आदल्या वर्षी चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टै येथील कारखान्यातून ह्युंदाईची सँट्रो इंधन-इंजेक्शनसह बाहेर पडली होती. इंजेक्शनच्या गाडीत विजेचा पंप टाकीतच, पेट्रोलमध्ये बुडालेला असतो. तो ओढत नाही, ढकलतो. नळीत बाहेरच्या हवेपेक्षा तीनेक पट जादा दाब असतो, आणि त्या दाबाला पेट्रोल उकळायला शंभर अंशांच्या आसपास जावे लागते. युरोपातल्या हवेसाठी काढलेल्या रचनेने मद्रासच्या चालकाला चाळीस वर्षे फडके भिजवायला लावले, आणि ते फडके सुटले ते मात्र दिल्लीच्या धुरामुळे.

लक्षण तरीही गेले नाही, त्याचा मालक बदलला. आजच्या गाडीत क्रँकशाफ्टची स्थिती सांगणारा सेन्सर तापल्यावर संकेत देणे थांबवतो, इंजिन बंद होते, वीस मिनिटांनी निवल्यावर सुरू होते. पंपाचा रिले, बॅटरीचा गंजलेला जोड, सैल झालेली अर्थिंगची तार हे सगळे याच पंगतीतले. एक सुधारणा मात्र मोलाची झाली आहे. दोष नोंदला जातो त्या क्षणी इंजिनचे तापमान, फेरे, वेग आणि भार किती होता याची नोंद गाडीचा संगणक गोठवून ठेवतो. गोल्डिंगहॅमचा तक्ताच तो. गॅरेजमध्ये पुष्कळदा आधी कोड पुसला जातो आणि मग गाडी तपासली जाते, तेव्हा ती नोंदही जाते. हे थांबले पाहिजे.

या पार्श्वभूमीवर इथेनॉलकडे पाहू. त्याचा आधुनिक भारतीय अध्याय महाराष्ट्रातच सुरू झाला : २००१ मधल्या पहिल्या तीन प्रायोगिक केंद्रांपैकी दोन मिरज आणि मनमाड ही होती, मिश्रण ५ टक्के. वीस टक्क्यांचे लक्ष्य मुळात २०३० चे होते, ते पाच वर्षे अलीकडे आले. उष्णतामूल्याचा हिशेब सरळ आहे. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश ऊर्जा असते, त्यामुळे मायलेज थोडे घटणारच, आणि जुन्या चारचाकींसाठी ही घट ६ ते ७ टक्के असेल असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच दिला होता.

बाष्पाचा हिशेब मात्र सरळ नाही. शुद्ध इथेनॉल पेट्रोलपेक्षा कितीतरी कमी उडते. तरी पेट्रोलमध्ये ते थोडे मिसळले की मिश्रणाचा बाष्पदाब वाढतो, कारण इथेनॉलचे रेणू एकमेकांना धरून ठेवतात ती पकड हायड्रोकार्बनांच्या गर्दीत सुटते. ही वाढ दहा टक्क्यांच्या आत कळसाला पोहोचते, सुमारे ७ किलोपास्कल, आणि पुढे हळूहळू उतरते. म्हणजे केवळ बाष्पदाब पाहिला तर वीस टक्क्यांचे मिश्रण दहा टक्क्यांच्या मिश्रणापेक्षा किंचित निर्धोक. पण ७० अंशांपर्यंत उडणारा हिस्सा इथेनॉलमुळे बराच वाढतो, आणि निर्देशांकात त्याला सातपट वजन आहे. शिवाय इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, म्हणून ठरावीक छिद्राच्या कार्ब्युरेटरवर मिश्रण विरळ पडते आणि ॲक्सिलरेटर दाबताच गाडी अडखळते. इंजेक्शनची गाडी ऑक्सिजन-सेन्सरच्या मदतीने हे बरेचसे भरून काढते. जुन्या पंपांचे रबरी पडदे आणि नळ्या इथेनॉलने फुगतात तो भाग वेगळा.

यावरून माझे मत असे. इंजेक्शनच्या अलीकडच्या गाडीचा मालक, गरम झाल्यावर गाडी बंद पडते म्हणून ई-२० ला दोष देत असेल, तर त्याने आधी सेन्सर, रिले आणि बॅटरीचे जोड तपासावेत. कोट्यवधी गाड्यांच्या देशात रोज हजारोंचा रिले जातोच आणि या वर्षी त्या सर्वांचा ठपका ठेवायला एक नाव मिळाले आहे. केटरिंगच्या इग्निशनचे झाले तेच, फक्त उलट्या दिशेने. पण जुनी कार्ब्युरेटरची गाडी, यांत्रिक पंप, मेमधली चेन्नई किंवा अकोला, संथ वाहतूक, असा योग असेल तर तक्रार भौतिकशास्त्राला धरून आहे आणि 'सरासरी चाचणीत काही आढळले नाही' हे तिला उत्तर नव्हे. सरासरी चाचणी अधूनमधून येणारा दोष शोधण्यासाठी केलेलीच नसते. अशा गाड्यांचे मालक हौशी संग्राहकच असतात असेही नाही. जुनी व्हॅन चालवून घर चालवणाऱ्याला बंद पडलेल्या दुपारचे भाडे कोणी भरून देत नाही, आणि 'देखभाल नीट ठेवा' हा सल्ला त्याला फुकट मिळतो.

पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थांनी मिश्र इंधनावर गंभीर काम केले आहे. त्यांना आणि तेल कंपन्यांना आता हवे आहे ते रस्त्यावरून येणारे, परिस्थितीसह नोंदवलेले निरीक्षण. हवेची बाजू हवामान खात्याच्या वहीत तासागणिक उपलब्ध आहे. गाडीची बाजू चालकाने लिहायची आहे. तेव्हा ज्यांची गाडी या उन्हाळ्यात अशी बंद पडेल त्यांना विनंती, की मेकॅनिकला फोन लावण्यापूर्वी फोनमध्येच एवढे टिपून ठेवा : तारीख, वेळ आणि ठिकाण; टाकीत पेट्रोल किती आणि ते केव्हा भरलेले; बंद पडण्याआधी किती मिनिटे संथ वाहतुकीत होतात; सेल्फ फिरत होता का, की तोही गप्प होता; गाडीत कार्ब्युरेटर आहे की इंजेक्शन; आणि यांत्रिक पंप असेल तर त्यावर ओले फडके टाकल्यापासून ती किती मिनिटांत सुरू झाली.